जांबोटीच्या रानातली बंदूक

साखळी, केरी मागे टाकून चोर्ला घाट चढला की कणकुंबीनंतर जांबोटी येते. बेळगावला जाणारे आपण गोवेकर तिथे चहापुरते थांबतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना रान आणि रानाला लागून शेती. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी बंदूक ठेवण्याची रीत अशा मुलखात जुनी आहे. बंदूक बाळगणाऱ्याला सुरक्षिततेचे शिक्षण सक्तीचे असावे का, हा प्रश्न म्हणूनच इथे नुसता कागदावरचा राहत नाही.

इंग्रजांपूर्वी या भागात शेतसनदी असत. सरकारकडून जमीन मिळे आणि तिच्या मोबदल्यात हत्यार घेऊन चाकरी करावी लागे. कित्तूरचा संगोळ्ळी रायण्णा शेतसनदीच होता. त्याला १८३१ साली नंदगडला फाशी दिली, आणि नंदगड जांबोटीप्रमाणेच खानापूर तालुक्यात आहे. घाटाखाली आपल्या सत्तरीत दीपाजी राणे १८५२ साली पोर्तुगिजांवर उठले. हत्यार धरता येणारी रयत राज्यकर्त्यांना का नको होती, हे यावरून कळते.

लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा आला. युरोपियनांना सूट मिळाली आणि हिंदी माणसाला परवाना घ्यावा लागला. पुढे काँग्रेसच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध ठराव झाले. माणूस सरकारशी इमान राखतो की नाही, हे परवाना देताना पाहिले जाई. त्याला बंदूक नीट हाताळता येते का, हे पाहण्याची कायद्याला गरज वाटली नाही.

१९५६ साली हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९५९ साली स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा झाला. पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळण्याची सोय त्यात राहिली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अभयारण्यापासून १० किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला नावाची नोंद करणे भाग पाडले. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झाले. तिथेही नोंद झाली ती नावाची. परवाना मागणाऱ्याने बंदूक हाताळण्याचे, ठेवण्याचे आणि नेण्याचे शिक्षण घ्यावे, अशी अट २०१६ च्या शस्त्र नियमांत आली. १८७८ पासून मोजले तर १३८ वर्षे लागली.

ही अट उगाच नाही. ठासणीच्या बंदुकीत दारू, वर बोळा, मग छर्रे गजाने ठासतात आणि शेवटी केप बसवतात. काडतुसाची बंदूक मोडून नळीत पाहता येते, ठासणीची तशी पाहता येत नाही. ती भरलेली आहे की रिकामी, हे गज आत घालूनच कळते. केप फुटूनही बार झाला नाही तर थोडा वेळ तोंड निर्धोक दिशेला धरून थांबायचे असते, कारण बार उशिरा होऊ शकतो. रात्री झुडूप हलले तर पलीकडे डुक्कर आहे की शेजारचा राखणदार, याची खात्री होईपर्यंत चाप ओढायचा नसतो. हे कोणीतरी शिकवावे लागते. बापाची बंदूक मुलाकडे येते, पण तिच्याबरोबर हे ज्ञान येतेच असे नाही.

शेतकऱ्याची अडचणही खरी आहे. शिक्षणासाठी बेळगावला खेटे घालायचे तर रोज बुडतो आणि पीक डुकराच्या तावडीत राहते. अट जाचक झाली तर लोक परवान्याचा नाद सोडून गावठी बंदूक लपवून ठेवतील, आणि धोका वाढेल. म्हणून माझे मत असे आहे की सक्ती असावी, पण शिकवणारा गावात यावा, शेतकऱ्याच्याच ठासणीच्या बंदुकीवर आणि त्याच्या मराठी-कानडीत त्याने शिकवावे. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षे झाली आहे. दर नूतनीकरणाला कागदांबरोबर हातही पाहावा.

शेतसनद्याला जमीन मिळे ती चाकरीच्या बोलीवर. आजच्या परवान्यालाही शिकण्याची बोली असली तर त्यात अपमान वाटण्याचे कारण नाही. शेजारच्या बांधावर राखणीला बसलेला माणूस त्यामुळे सकाळी घरी परतेल.