प्रागचा चार्ल्स पूल

व्ल्टावा नदीवरचा जुडिथ पूल १३४२च्या पुरात मोडला. सम्राट चौथ्या चार्ल्सने १३५७ मध्ये नव्या दगडी पुलाचा पाया घातला. काम पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालले. १८४१ पर्यंत प्रागचे दोन्ही काठ जोडणारा हाच एक पूल होता. त्यामुळे व्यापार, राज्याभिषेकाच्या मिरवणुका, १६४८ची स्वीडिश सैन्याशी झालेली लढाई, सारे काही त्याने सोसले. कठड्यांवरचे पुतळे मात्र बरेच नंतरचे, बहुतेक १६८३ ते १७१४ या काळातले. झिजलेल्या अनेक मूर्तींच्या जागी आता प्रतिकृती आहेत. मूळ शिल्पांपैकी बरीच राष्ट्रीय संग्रहालयाने जपली, हे फार मोलाचे काम. दुपारी पुलावर अतोनात गर्दी असते. सूर्योदयाला जावे, दगडी फरसबंदीसाठी जाड तळाचे बूट घालावेत आणि जुन्या शहराकडच्या बुरुजावर अवश्य चढावे.