वाहनाच्या पाटीवरील गाव

महाराष्ट्रात मलकापूर एकच नाही. बुलढाणा जिल्ह्यात एक, कऱ्हाडला लागून दुसरे, आणि कोल्हापूरहून रत्नागिरीस जाताना आंबा घाट उतरण्यापूर्वी लागणारे तिसरे. पत्रे चुकतात, पाहुणेही चुकतात. पण मोटारीची पाटी सहसा चुकत नाही. पहिल्याची गाडी एमएच-२८, दुसऱ्याची एमएच-५० (पूर्वी साताऱ्याची ११) आणि आमच्या शाहूवाडीकडील मलकापूरची एमएच-०९.

ही ओळख मात्र अलीकडची. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानुसार मुंबई प्रांताच्या वाट्याला 'बीएम' ही अक्षरे आली होती. मलकापूर तेव्हा त्या प्रांतात नव्हतेच. १८४४ च्या बंडानंतर विशाळगडच्या पंतप्रतिनिधींची गादी येथे हलली, आणि ही जहागीर कोल्हापूर संस्थानाच्या अधीन होती. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि वाहनांवर 'एम'ने आरंभ होणारी तीन अक्षरे आली. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आल्यावर जिल्ह्याचा आकडा पाटीवर चढला. माजी संस्थानिकांचे विशेषाधिकार तत्पूर्वीच, १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने, संपले होते. एवढा राज्यकारभाराचा इतिहास एका हातभर पत्र्यावर मावतो, याचे आम्हांस नवल वाटते.

जुनी मोटार जपणारा म्हणूनच पाटीसाठी हळवा असतो. काळ्या पत्र्यावर पांढरी, हाताने रंगविलेली अक्षरे हा त्या गाडीचा जन्मदाखला. आपल्या चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदवहीइतकाच तो घरच्यांना मोलाचा.

जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी वेगळे नियम केले. नवी नोंदणी वीस हजार रुपयांत, मुदत दहा वर्षे. पुनर्नोंदणीस पाच हजार. अशी गाडी रोजच्या वापरास अथवा भाड्याने चालविता येत नाही. प्रदर्शन, फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन व दुरुस्ती एवढ्यांपुरतीच ती रस्त्यावर यावी. नियमांतील एक कलम आम्हांस फार शहाणपणाचे वाटते: ज्या गाडीची नोंदणी आधीच झालेली आहे, तिला आपला मूळ क्रमांक ठेवता येतो.

नव्याने नोंदविल्या जाणाऱ्या जुन्या गाडीचे नशीब मात्र वेगळे. तिला राज्याच्या अक्षरांमागे 'व्हीए', मग दोन अक्षरे व चार आकडे मिळतात. त्यांत जिल्हा नाही. तिन्ही मलकापुरांच्या गाड्या तेथे सारख्याच दिसणार! ओळख पटविण्यास क्रमांक पुरेसा असेल, पण गावाची खूण गेली, हे आम्हांस खटकते.

तेव्हा ज्यांच्या घरी आजोबांची गाडी अजून उभी आहे, त्यांनी ती मोडीत काढण्यापूर्वी तिचे जुने नोंदणीपुस्तक शोधावे. बहुधा ते देव्हाऱ्याखालच्या खणात, जमिनीच्या कागदांबरोबर सापडेल.