शौर्यकथा कशा वाचाव्यात?

किल्ला पाहून परतलेल्या मुलाच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, हा प्रश्न अनेक घरांत पडतो. त्याला हवी असते घोडेस्वारांची, वेढ्यांची, द्वंद्वयुद्धांची गोष्ट. आणि आईवडिलांना भय वाटते ते हे, की अशा वाचनाने मुलगा युद्धाला खेळ समजू लागेल. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास धाराशिव जिल्ह्यातील दोन किल्ले आपल्याला साहाय्य करतात.

पहिला नळदुर्ग. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 मध्ये, येथे बोरी नदीवर बंधारा बांधण्यात आला आणि त्याच्या पोटात पाणीमहाल उभारला गेला. किल्ला केवळ तलवारीवर टिकत नाही; तो पाण्यावर, धान्यावर आणि पाथरवटांच्या श्रमांवर टिकतो, हे येथे डोळ्यांना दिसते. 1853 च्या तहाने निजामाचा हा मुलूख इंग्रजांकडे आल्यावर फिलिप मेडोज टेलर हा अधिकारी नळदुर्गला राहून कारभार पाहू लागला. पुढे 1863 मध्ये त्याची ‘तारा’ ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली. तिची नायिका तुळजापूरची एक तरुण विधवा असून कथानक अफझलखानाच्या स्वारीभोवती गुंफलेले आहे. लेखकाची दृष्टी राज्यकर्त्या परक्याची आहे, हे विसरून चालणार नाही. तरीही खानाच्या पुत्राला त्याने हाडामांसाचा माणूस म्हणून रंगविले आहे. शत्रूच्याही घरी दिवा लागतो, ही जाणीव चांगल्या शौर्यकथेची पहिली खूण होय.

दुसरा किल्ला परंड्याचा. 1549 मध्ये अहमदनगरला ओतलेली ‘मलिक-ए-मैदान’ ही अजस्र तोफ काही काळ येथे होती; 1632 मध्ये ती विजापूरला नेण्यात आली. हत्तीला गिळणाऱ्या हिंस्र श्वापदाचे मुख तिच्या तोंडाशी कोरलेले आहे. तिच्यापुढे एकट्या वीराच्या पराक्रमाची काय मातब्बरी? ज्या युगात ती ओतली गेली, त्याच युगातील विजयनगरच्या विनाशाची कथा हरि नारायण आपटे यांच्या ‘वज्राघात’मध्ये आहे. ती अवश्य वाचावी. अद्भुताची आवड असणाऱ्यांनी नाथमाधवांचा ‘वीरधवल’ही चुकवू नये.

युरोपातील शिलेदारांची, म्हणजे ‘नाइट’ लोकांची, ओळख करून घ्यायची तर वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हन्हो’पासून (1819) आरंभ करावा. त्याच्यामागून सर्व्हान्टिसचा ‘डॉन किहोटे’ (1605 व 1615) घ्यावा. लेपान्टोच्या 1571 च्या लढाईत डावा हात कायमचा अधू झालेल्या या सैनिकाने वीरकथांच्या वेडाला हसता हसता त्यांतील भलेपणा जपला. टॉल्किन 1916 मध्ये सोमच्या रणभूमीवर होता. त्याच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये (1954-55) विजय मिळवून घरी परतलेल्या फ्रोडोची जखम अखेरपर्यंत भरून येत नाही.

मग मुलांच्या हातून ही पुस्तके काढून घ्यावीत काय? संत इग्नेशियस लोयोला यांचे उदाहरण आठवावे. 1521 मध्ये पाम्प्लोना येथे तोफगोळ्याने पाय मोडल्यावर अंथरुणाला खिळलेल्या या सरदारपुत्राने वाचावयास शौर्यकथाच मागितल्या. घरात त्या नव्हत्या. मिळाले ते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे. त्यांनी त्याचे जीवन पालटले. परंतु पूर्वीचे वाचनही वाया गेले नाही. 1522 मध्ये मोन्सेरातच्या मंदिरात, नव्या शिलेदाराने करावे तसे रात्रभर जागरण करून, त्याने आपली तलवार पवित्र मातेच्या वेदीपाशी ठेवली. शस्त्र सुटले, निष्ठा आणि धैर्य मात्र राहिले.

म्हणून मुलांना शौर्यकथा जरूर द्याव्यात. पुस्तक मिटल्यावर मात्र त्यांना एवढेच विचारावे : या गोष्टीत जखम कोणाला झाली आणि तिच्यावर पाणी कोणी घातले?