पुराची तटबंदी

‘अयुत्थया’ हे नाव ऐकलं की मराठी कानाला लगेच अयोध्या आठवते, आणि ते बरोबरच आहे. १३५१ साली उ-थाँग नावाच्या राजाने बँकॉकच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवर हे शहर वसवलं, त्याला रामाच्या नगरीचं नाव दिलं आणि स्वतःला रामाधिबोदी, म्हणजे रामाधिपती, म्हणवून घेतलं. अयोध्या म्हणजे जिच्याशी युद्ध करता येत नाही अशी नगरी. ही अयोध्या मात्र दोनदा पडली. १५६९ साली ब्रह्मी सैन्यापुढे पडली, तेव्हा काही वर्षांत सावरली. १७६७ साली पुन्हा ब्रह्मी सैन्यापुढेच पडली, ती राजधानी म्हणून परत कधीच उठली नाही.

आज हा थायलंडचा एक प्रांत आहे. रेल्वे स्टेशन पासाक नदीच्या पूर्वेला. तिथून छोट्या होडीने पलीकडे जायचं, भाड्याची सायकल घ्यायची आणि दिवसभर हिंडायचं. मीही तेच केलं. कुठेही जा, विटांचे उघडे स्तूप, शिर नसलेल्या बुद्धांच्या रांगा आणि त्याबद्दल विचारलं की एकच उत्तर : ब्रह्मी लोकांनी जाळलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखादी यंत्रणा कोसळली की नंतर अहवाल लिहावा लागतो. त्यात एकच कारण लिहून मोकळं होणाऱ्याकडे कुणी फारशा आदराने बघत नाही, कारण मोठी गोष्ट सहसा एका कारणाने पडत नाही. अयुत्थयाच्या अवशेषांमध्ये फिरताना ही सवय उपयोगी पडते.

सुरुवात नकाशापासून करू. इथे चाओ फ्राया, पासाक आणि लोपबुरी या तीन नद्या एकत्र येतात. पूर्वेकडची उघडी बाजू कालवा खणून बंद केली आणि शहर चहूबाजूंनी पाण्याने वेढलेलं बेट झालं. समुद्रातून आलेली जहाजं नदीने इथपर्यंत येत. १५११ साली पोर्तुगीज आले, पुढे डच, जपानी, फ्रेंच आले. त्यांच्या वसाहती बेटाबाहेर, नदीकाठाला होत्या. पण नदीचं सगळ्यात मोठं काम व्यापाराचं नव्हतं. पावसाळा संपता संपता, साधारण सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत, आसपासचा सगळा सपाट मुलूख पाण्याखाली जायचा. माणसांना त्याची सवय होती. घरं खांबांवर उभी असायची, शेतात पाण्याबरोबर उंच वाढत जाणारा भात असायचा. वेढा घालून बसलेल्या शत्रूला मात्र अशी सवय नसे. त्याची छावणी बुडायची, रसद तुटायची आणि त्याला परत फिरावं लागायचं. त्यामुळे अयुत्थयाच्या राजांची युद्धनीती सोपी होती : दारं लावून घ्या, पाणी चढेपर्यंत तग धरा. पूर हीच त्या शहराची बाहेरची तटबंदी होती.

१७६६ साली ब्रह्मी सैन्याने पुन्हा वेढा घातला. पाऊस आला, पाणी चढलं. या वेळी सैन्य परत गेलं नाही. त्यांनी उंचवट्यांवर तळ हलवले, होड्या जमवल्या आणि पूर ओसरेपर्यंत वाट पाहिली. वेढा चौदा महिने चालला. शेवटी तटाच्या पायाखाली सुरुंग खणून आग लावली गेली आणि ७ एप्रिल १७६७ रोजी शहर पडलं. ज्या एका गोष्टीवर सगळी भिस्त होती, तिचं उत्तर शत्रूने शोधून काढलं होतं.

त्यानंतरची जाळपोळ खरीच आहे. राजवाड्याच्या आवारातल्या वाट फ्रा सी सान्फेत या मंदिरात सुमारे १६ मीटर उंचीचा, सोन्याने मढवलेला उभा बुद्ध होता. ते सोनं वितळवून नेलं गेलं. उरलेली मूर्ती पुढे बँकॉकच्या वाट फो मंदिरातल्या एका चेदीत ठेवली. (चेदी म्हणजे आपला चैत्य.) पण ब्रह्मी सैन्य इथे फार काळ थांबलं नाही. त्याच वेळी ब्रह्मदेशावर चिनी फौजा चालून आल्या होत्या, त्यामुळे बहुतेक सैन्याला परतावं लागलं. अवशेषांचं आजचं रूप घडायला त्यापुढची दोन शतकं लागली.

१७८२ साली राम पहिला या राजाने बँकॉकला राजधानी नेली. नव्या शहराला तट हवा होता आणि जुन्या शहरात भाजलेल्या विटांचे ढीग होते. त्या विटा होड्यांमध्ये भरून नदीने खाली नेल्या गेल्या. अयुत्थयाचा तट मोडून बँकॉकचा तट उभा राहिला. हे मोडणारे लोक शत्रू नव्हते, वारस होते. बँकॉकच्या लांबलचक अधिकृत नावात आजही ‘अयुत्थया’ हा शब्द आहे. विटांबरोबर नावही नेलं गेलं.

वाट महाथात बघायला सगळेच जातात, कारण तिथे झाडाच्या मुळांनी वेढलेलं बुद्धाचं शिर आहे. फोटो काढताना त्या शिरापेक्षा खाली बसावं अशी सूचना तिथे लावली आहे आणि बहुतेक लोक ती पाळतात. याच मंदिराचा मुख्य प्रांग, म्हणजे मक्याच्या कणसासारखं उंच शिखर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपसूक कोसळला. त्याला कुणी हात लावला नव्हता. दीडेकशे वर्षं कुणी लक्षही दिलं नव्हतं.

शेजारच्या वाट राचाबुराणाची गोष्ट वेगळी आहे. गादीसाठी हत्तींवरून लढताना दोन थोरले राजपुत्र एकमेकांच्या हातून मेले. राज्य मिळालेल्या धाकट्याने १४२४ साली त्यांच्या दहनाच्या जागी हे मंदिर बांधलं. प्रांगाखालच्या तळघरात सोन्याचा ठेवा होता. तो १७६७ च्या लुटीत सापडला नाही. तो १९५७ साली स्थानिक चोरांनी फोडला. त्यातलं बरंच गेलं, जे हाती लागलं ते आता तिथल्या चाओ साम फ्राया संग्रहालयात आहे. त्या तळघरातल्या मातीच्या छोट्या बुद्धप्रतिमा देणगीदारांना देऊन जो निधी जमला, त्यातून हे संग्रहालय उभं राहिलं. शिर नसलेल्या मूर्तींबद्दलही हेच लक्षात ठेवायला हवं. ब्रह्मी सैनिक स्वतः बौद्धच होते. पुढच्या काळात ठेवा शोधणाऱ्यांनी मूर्ती फोडल्या आणि जुन्या वस्तूंच्या बाजारात बुद्धाच्या शिरांना चांगली किंमत आली.

एक मंदिर या हिशेबात उलट्या बाजूला आहे. विहान फ्रा मोंगखोन बोफित अनेक वर्षं छताशिवाय पडून होतं. १९५० च्या दशकात त्याच्या उभारणीला ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ नू यांनी दोन लाख बाट दिले. आज तिथे छताखाली पितळी झळाळीचा भव्य बुद्ध बसला आहे. ‘ब्रह्मी लोकांनी जाळलं’ या वाक्यात ही देणगी मावत नाही, म्हणून ती सहसा सांगितली जात नाही.

युनेस्कोने १९९१ साली या शहराला जागतिक वारसा म्हटलं. वीस वर्षांनी, २०११ च्या ऑक्टोबरमध्ये, जुनी तटबंदी पुन्हा चढून आली. आता त्या पूरमैदानात भात कमी आणि औद्योगिक वसाहती जास्त होत्या. बांग पा-इन इथला वेस्टर्न डिजिटलचा हार्ड डिस्कचा कारखाना बुडाला आणि जगभर हार्ड डिस्कच्या किमती वाढल्या. त्याच आठवड्यांत वाट चायवत्थनाराम हे १६३० साली बांधलेलं नदीकाठचं मंदिरही पाण्यात उभं होतं.

हल्ली त्या मंदिरात संध्याकाळी गर्दी असते. २०१८ च्या एका गाजलेल्या टीव्ही मालिकेनंतर लोक जुन्या काळचा पोशाख भाड्याने घालून तिथे फोटो काढतात. पावसाळ्यात पाणी वाढू लागलं की काठावर धातूचे अडसर उभे केले जातात, नदीचं पाणी मंदिरात येऊ नये म्हणून. जी नदी चारशे वर्षं या शहराचं रक्षण करत होती, तिच्यापासूनच आता त्याला जपावं लागतं. नदीने स्वभाव बदललेला नाही. तिच्या पाण्यात जगायची सवय तेवढी गेली.