निळ्या टाइल्सच्या खोलीत दोघांचं टेबल

इस्तंबूलमध्ये लग्नाचा पहिला वाढदिवस, आणि त्या दिवशी जेवण 'पांदेली'त. बायकोची अट एवढीच होती, बाकी ट्रिप माझ्यावर सोडलेली. एमिनोन्यूला गलाता पुलाच्या बाजूने मसाल्याच्या बाजारात शिरलं की दाराजवळच एक अरुंद जिना वर जातो. वर घुमटाकार छताच्या खोल्या, भिंतीभर फिरोजी टाइल्स आणि खिडकीपाशी दोघांपुरतं टेबल. रोमँटिक म्हणतात ते हेच.

"आता मोबाइल आत," ती म्हणाली. ठेवला. पण मेन्यूवर १९०१ हे साल दिसलं आणि पांदेली हे नाव काही तुर्की वाटेना. मोबाइल परत बाहेर.

नाव तुर्की नव्हतंच. पांदेली चोबानोग्लू हा अनातोलियातल्या निय्देचा ग्रीक. चोबानोग्लू म्हणजे मेंढपाळाचा मुलगा. पोटासाठी इस्तंबूलला आला आणि इथे त्याने खानावळ काढली. ती इतकी गाजली की अतातुर्कही तिथे जेवायचे, असं सांगतात. १९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानने माणसांची अदलाबदल ठरवली. इकडचे ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन तिकडे, तिकडचे मुसलमान इकडे. कोण कुठे जाणार हे भाषेवर नाही, धर्मावर ठरलं. फक्त तुर्की बोलणारे कितीतरी जण अशा रीतीने 'ग्रीक' म्हणून ग्रीसला रवाना झाले. इस्तंबूलचे ग्रीक मात्र करारातून वगळले होते. पांदेली गावीच राहिला असता, तर ही खानावळ तुर्कस्तानात उरलीच नसती.

मग आला १९५५ चा सप्टेंबर. सायप्रसवरून दोन्ही देशांत तणाव होता. ६ तारखेला बातमी आली की थेस्सालोनिकीत अतातुर्कांच्या जन्मघराजवळ बॉम्ब फुटला. नुकसान किरकोळ होतं आणि बॉम्ब ठेवण्यात तुर्की वकिलातीच्याच माणसाचा हात असल्याचं नंतर समोर आलं. पण त्या संध्याकाळी एका वर्तमानपत्राचे जादा अंक शहरभर वाटले गेले, आणि रात्रीपर्यंत जमाव ग्रीकांची दुकानं, घरं, चर्चेस फोडत होता. आर्मेनियन आणि ज्यूंचीही सुटली नाहीत. सत्तरहून जास्त चर्चेसवर हल्ले झाले. सकाळी इस्तिक्लाल रस्ता फाडलेल्या कापडाच्या ताग्यांनी आणि फोडलेल्या सामानाने भरलेला होता. पांदेलीची खानावळही गेली.

म्हातारा पांदेली आता धंदा सोडणार, अशी वेळ आली. तेव्हा इस्तंबूलचे गव्हर्नर फाहरेत्तिन केरिम गोकाय यांनी त्याला बाजाराच्या दारावरची ही जागा मिळवून दिली. म्हणजे आम्ही बसलो होतो ती.

ऑफिसात सर्व्हर पडला की नंतर रिपोर्ट लिहावा लागतो: काय पडलं, कशामुळे, कसं दुरुस्त केलं. पांदेलीची गोष्ट जिथे जिथे वाचली, तिथे तिसरा रकाना ठळक आणि दुसरा पुसट. दिलदार सरकारने जागा दिली, झालं. पण पंतप्रधान मेंदेरेस यांचं तेच सरकार होतं, आणि १९६० च्या लष्करी उठावानंतर यास्सीआदा बेटावर त्यांच्यावर जे खटले चालले, त्यात एक याच दंगलीचा होता.

"मग ही भरपाई की तोंड बंद करायची किंमत?" बायकोने विचारलं. कागदात गुंडाळून शिजवलेला लेवरेक मासा तोवर आला होता. कागद उघडताच वाफ वर आली आणि दोघंही थोडा वेळ गप्प झालो. मला दोन्ही वाटतं. पांदेलीने जागा घेतली, चूल पेटवली आणि गिऱ्हाईक सांभाळलं. त्याच्यापुढे दुसरा कुठला पर्याय होता, ते मला दिसत नाही.

मासा मात्र अप्रतिम होता. त्याची अपराधी चव वगैरे काही लागली नाही, खोटं कशाला बोलू.

जिना उतरून खाली आलो. ही 'मिसिर चार्शिसी', म्हणजे इजिप्तचा बाजार. सतराव्या शतकात इजिप्तच्या महसुलावर बांधला म्हणून हे नाव. तुर्कीत मिसिर म्हणजे मकाही, त्यामुळे भाषांतराचं ॲप त्याला बिनधास्त मक्याचा बाजार करून टाकतं. बायकोने सुमाक घेतलं, सुकी अंजिरं घेतली, आणखी काय काय घेतलं. मी पिशवी हातात तोलत होतो. पांदेली राहिला, पण १९६४ मध्ये ग्रीसचं नागरिकत्व असलेल्या हजारो इस्तंबूलकरांना देश सोडायला लावला, तेव्हा माणशी २० किलो सामान न्यायची मुभा होती.

"बॅगेत बसेल ना रे?" तिने विचारलं.

आम्हाला माणशी ३० किलो होते.