सर्वनाम-विपर्यय आणि मातेवरील दोषारोप

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांच्या निरीक्षणावर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला. स्वमग्नतेच्या अभ्यासाचा आरंभ सामान्यतः या निबंधापासून मानला जातो. त्यातील एक नोंद भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. बोलू लागलेली मुले स्वतःला ‘तू’ आणि समोरच्यास ‘मी’ म्हणत. “तुला दूध हवे का?” असे आईने विचारावे आणि पुढे मुलाला दूध हवे असेल तेव्हा त्याने तेच वाक्य जसेच्या तसे उच्चारावे, असा हा प्रकार. कॅनर यांनी दिलेले स्पष्टीकरण साधे होते. मूल सर्वनाम ऐकते तसेच उच्चारते. वक्ता बदलला की सर्वनामही बदलावयाचे असते, तो बदल ते करीत नाही.

याच निबंधात कॅनर यांनी मुलांची उणीव जन्मजात मानली. परंतु त्यांच्या आईबापांत जिव्हाळा क्वचितच आढळतो, असेही लिहून ठेवले. १९४९ मधील लेखात तर ही मुले जणू शीतकपाटात वाढली, असे रूपक त्यांनी योजले. पुढील काळात पहिले विधान मागे पडले आणि दुसरे फोफावले. शिकागो विद्यापीठाच्या ऑर्थोजेनिक स्कूलचे संचालक ब्रूनो बेटलहाइम यांनी ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ (१९६७) या ग्रंथात सर्वनाम-विपर्ययाचा निराळाच अर्थ लावला. मूल ‘मी’ म्हणत नाही, कारण ते स्वतःचे अस्तित्वच नाकारते. आणि या नकाराच्या मुळाशी, ते मूल नसावे अशी मातापित्यांची इच्छा असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. व्याकरणातील एक निरीक्षण अशा रीतीने आईविरुद्धचा पुरावा ठरले.

या मताला विरोध झाला नाही असे नव्हे. स्वमग्न मुलाचे पिता असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्येच जैविक कारणांची बाजू मांडली होती. १९६९ साली पालकांच्या सभेत खुद्द कॅनर यांनी त्यांना दोषमुक्त ठरविले. १९७४ मध्ये लॉरेन्स बार्टाक व मायकेल रटर यांनी सर्वनामांचा प्रयोग तपासला. ‘मी’ टाळण्याची खास प्रवृत्ती त्यांना आढळली नाही. ऐकलेल्या वाक्यात सर्वनाम कोठे येते, यावर त्याचा पुनरुच्चार अवलंबून होता. १९७७ साली सुझन फोल्स्टाइन व रटर यांनी जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकबीज जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती. द्विबीज जुळ्यांच्या १० जोड्यांत अशी एकही जोडी नव्हती. तथापि मधल्या काळात असंख्य मातांनी हा आरोप खरा मानून सोसला होता.

पुनरुच्चार निरर्थक असतो, हा समजही पुढे टिकला नाही. मागणी, होकार, संभाषणातील आपली पाळी राखणे असे हेतू त्यातून साधले जातात, हे बॅरी प्रिझंट व ज्युडिथ डकन यांनी १९८१ मध्ये दाखविले. मूल बोलत होतेच. ऐकणाऱ्यांनी त्या बोलण्याऐवजी स्वतःच्या सिद्धान्ताकडे कान दिले होते.

मराठीच्या अभ्यासकाला यातून दक्षता शिकता येईल. ‘मी जातो’, ‘तू जातोस’ येथे पुरुषभेद क्रियापदाच्या प्रत्ययातही व्यक्त होतो. म्हणून इंग्रजीवरून काढलेले निष्कर्ष मराठी मुलांना सरसकट लावता येणार नाहीत. वाक्याची नोंद, त्याचे विश्लेषण आणि मुलाच्या घरासंबंधीचे अनुमान या तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. तिसरीसाठी स्वतंत्र पुरावा नसेल, तर अभ्यासकाने तेथेच थांबणे इष्ट होय.