राणीची बाग
राणीची बाग : मुंबईतील भायखळा येथील सार्वजनिक वनस्पतिउद्यान व प्राणिसंग्रहालय. अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. १८६२ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले; १८७३ पासून व्यवस्थापन मुंबई महानगरपालिकेकडे आहे. देशी वृक्षांबरोबर येथे आफ्रिका, अमेरिका व आग्नेय आशियातील वृक्षही वाढवलेले आहेत.

मूळच्या म्यानमारमधील उर्वशी (ॲम्हर्स्टिया नोबिलिस) या वृक्षाला हिवाळ्याच्या अखेरीपासून लाल-पिवळ्या फुलांचे लोंबते घोस येतात. त्याच सुमारास सीता अशोक फुलतो. त्याची नारिंगी फुले पुढे लाल होतात. एप्रिल-मेमध्ये महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेल्या ताम्हणाचा जांभळा बहर असतो. दक्षिण अमेरिकेतील कैलासपतीची सुगंधी फुले थेट खोडावर येतात, तर फळे तोफगोळ्यासारखी गोल असतात. आफ्रिकेतील गोरखचिंच कोरड्या ऋतूत निष्पर्ण असते. पावसाळ्याच्या तोंडाशी तिला पालवी व मोठी पांढरी फुले येतात. ती रात्री उमलतात आणि परागण मुख्यतः वटवाघळे करतात. फुगीर खोडात पाणी साठवून हा वृक्ष कोरडा काळ काढतो.